वहिनीच्या पाठीखालचा हात

गूढ अनुभवांचा हा विभाग मी खूप दिवस नुसता वाचतेय. लिहायची ही पहिलीच वेळ. खरं सांगायचं तर इथले बरेचसे अनुभव वाचताना मी मनात कारणं शोधत बसायचे... अर्धवट झोप, ताप, कुणीतरी केलेली मस्करी. माझं कामच तसं आहे. मी एमआरआय टेक्निशियन आहे. माणसं मला रोज आतून दिसतात. जे स्कॅनमध्ये येत नाही ते नसतंच, असं मी कॉलेजात मैत्रिणींना सांगायचे, आणि तेव्हा मला ते फार हुशारीचं वाक्य वाटायचं.

शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मराठीत एवढं मोठं लिहायची सवय नाही. काही शब्द इंग्रजीच येतील. आणि एक विनंती आधीच करते — उपाय सुचवू नका. कुणाचं नाव, कुठलं ठिकाण, काही नको. का नको ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

मी कुडाळला एका खाजगी सेंटरमध्ये काम करते. मशीनची खोली आतल्या बाजूला आहे, तिला खिडकी नाही. मध्ये जाड काच आणि काचेच्या अलीकडे माझं टेबल. आत जायला एकच जड दार, तेही माझ्या खुर्चीच्या बाजूला. स्कॅन चालू असताना माझ्या नजरेला न पडता आत कुणी जाऊच शकत नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय.

सोमवार ते शनिवार मी कुडाळला खोली घेऊन राहते, रविवारी घरी देवबागला. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या वाळूवर आमचं घर. घरात दादा आणि वहिनी. आई-बाबा नाहीत. दादाची पर्यटकांसाठी बोट आहे, आणि घराच्या मागच्या खोल्यांचा होमस्टे वहिनी चालवते. वहिनी तोंडवलीची. ती बोलते आणि मी ऐकते, अशी आमच्या घरात पहिल्यापासून कामाची वाटणी आहे.

तिच्या डाव्या मांडीला मागच्या बाजूने गाठ आली होती. किती दिवसांपासून, ते तिलाही सांगता येईना. सगळा सीझन ती आडाळ्यावर बसून — आडाळो म्हणजे आमच्याकडची विळी — पाहुण्यांसाठी मासे कापायची. पाटाची कड मांडीला लागून लागून ती जागा जाड झाली, असा तिने स्वतःच निकाल लावून टाकला होता. एका रविवारी मला दाखवताना हसत होती.

"हय बघ गो बाय, देवान माका बसाक उशी दिल्यान."

मी दाबून पाहिलं. गाठ मऊ होती, पण खोल. आणि अजिबात दुखत नव्हती. ते न दुखणं मला आवडलं नाही.

मालवणात सोनोग्राफी झाली, तिच्यात 'चरबीची गाठ असावी' असं आलं. एका डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, छोटं ऑपरेशन आहे, काढून टाकू. मी दादाला म्हटलं, आधी एमआरआय करू, माझ्याच सेंटरला. पण दादाने तोवर कौल लावायचं ठरवलं होतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे मोठं काही करायच्या आधी ग्रामदेवतेला विचारतात. मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

मी खांबाजवळ उभी होते. गुरवाने मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या मांडयेक जी काय गाठ इली आसा, ती काढल्यान तिका बरा वाटतला असात, तर उजवो दी म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. वहिनी सगळ्यांत मोठ्याने.

उजवी पडली. लगेच.

परतताना मी पुन्हा एमआरआयचा विषय काढला. दादा हसला. "देवान उजवो दिल्यान, डॉक्टर होय म्हणता. आता तुझ्या मशिनीक काय इचारूचा?"

सीझन संपल्यावर ऑपरेशन झालं. गाठ काढून बाटलीत घालून दादाच्या हातात दिली, लॅबला नेऊन द्यायला. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, नातेवाईकच नेतात. शरीरातून काढलेलं घरात आणू नये म्हणून दादाने ती बाटली पिशवीत घालून अंगणाबाहेर सुरंगीच्या झाडाला टांगली आणि दुसऱ्या दिवशी लॅबला दिली. रिपोर्ट आला तेव्हा मी कामावर होते. दादाने फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'ह्यात काय लिवलाहा?'

मिक्सॉइड लायपोसारकोमा. त्यातही वाईट पेशींचं प्रमाण जास्त.

हा कॅन्सर चरबीच्या पेशींचा, पण एमआरआयमध्ये तो चरबीसारखा दिसत नाही. दिसतो पाण्यासारखा. सोनोग्राफीत मात्र साध्या गाठीसारखा दिसून फसवतो. असल्या गाठीला हात लावण्याआधी फोटो काढायचे असतात, मग सुईने तुकडा घ्यायचा असतो, आणि मग ज्यांना सवय आहे अशा सर्जनने आजूबाजूच्या चांगल्या मांसासकट ती अख्खी काढायची असते. नुसतीच उकरून काढली की मागे राहिलेलं पसरतं. मी हे घरी शक्य तेवढं सोपं करून सांगितलं. दादा बराच वेळ खाडीकडे बघत होता. मग म्हणाला, "देवान तर उजवो दिलेलो..."

वहिनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवाक कित्याक नावा ठेवतास? तुम्ही इचारलात काढूची काय. तेना सांगल्यान काढा. आधी फोटो काढूचो काय, ता खंय इचारलात?"

तेव्हा आम्ही तिघेही हसलो. एवढं खरं हसू त्यानंतर आमच्या घरात आलेलं मला आठवत नाही.

पहिला स्कॅन मीच काढला. सकाळची वेळ, वेटिंगमध्ये माणसं, बाहेर रिक्षांचे हॉर्न. मी तिला गाऊन दिला आणि धातूचं सगळं काढायला सांगितलं.

"घोव जितो असताना मंगळसूत्र काढूक लावतंस. नणंद ती नणंदच!"

"वहिनी, आत गेल्यावर हलायचं नाही हं. आणि बोलायचं पण नाही."

"हय इलंस काय तू पुण्याची होतंस गो. हलायचं नाही, बोलायचं नाही!" तिने माझी नक्कल केली. कामावर माझ्या तोंडी प्रमाण मराठी येते, त्यावरून ती मला नेहमी चिडवते.

मी कानात बोळे घातले, हेडफोन लावले, हातात रबरी फुगा दिला. काही वाटलं तर तो दाबायचा, माझ्याकडे घंटी वाजते. गुडघ्यांखाली पॅड ठेवलं, तिला आत सरकवलं, दार लावून घेतलं.

पहिला भाग नीट झाला. दुसरा संपता संपता घंटी वाजली.

"काय झालं, वहिनी?" मी माइकवरून विचारलं.

"पाठीखाली कोणी हात घातल्यान हा. तो काढूक सांग."

"आत कुणी नाहीये. पॅड असेल."

"पॅडाक बोटां असतत काय गो?"

तिचा आवाज घाबरलेला नव्हता. वैतागलेला होता, हॉटेलात कुणी धक्का दिल्यावर असतो तसा. मी दार उघडून आत गेले. गुडघ्यांखालचं पॅड जागेवर होतं. कमरेखाली टेबल आणि चादर, बाकी काही नाही. मी स्वतःचा हात तिच्या पाठीखाली सरकवला.

"इथे?"

"हय न्हय. वायच वर. मधल्या हाडाच्या डावीकडे... हां, हयसर. पण तुझो गरम आसा. तो थंड होतो. बर्फातलो मासो धरल्यासारखो."

"दुखतंय का?"

"दुखाक कित्या? नुसतो ठेवलेलो आसा. ताप आसा काय म्हणान बघतत तसो. बोटां बारीक आसत. बाईमाणूस असतला."

मी बोटाने मणके मोजले. कमरेचा तिसरा मणका, डावी बाजू. मग बाहेर येऊन पुढचा भाग सुरू केला. तो संपल्यावर माइक उघडला आणि मी काही विचारायच्या आधीच ती म्हणाली, "परत इलो."

काचेतून मला तिचे पाय दिसत होते. आतल्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तिचा चेहरा, डोळे मिटलेले. आणखी कुणी नाही.

माझ्याकडे कारणं होती. टेबल थरथरतं, अंग गरम होतं, मांडीच्या ऑपरेशननंतर नसा काहीही जाणवून देतात. मी ती मनात एकामागून एक म्हटली. आणि तरी, डॉक्टरांनी फक्त मांडी लिहिलेली असताना, कमरेचेही फोटो घेतले.

आमचे रेडिओलॉजिस्ट सर म्हणाले, "पाठ कशाला घेतलीस?"

"तिथे काहीतरी जाणवतंय म्हणाली."

त्यांनी पाहिलं. "एकदम क्लीन. तुझ्यामाझ्यापेक्षा चांगली पाठ आहे." मग त्यांनी मांडीचे फोटो उघडले आणि खुर्ची पुढे ओढली. ज्या फोटोंत पाणी पांढरं दिसतं, त्यांत जखमेच्या जागेपासून एक पांढरी रेघ स्नायूंच्या मधून वर गेली होती. ओहोटीला वाळूत पाणी राहतं, तशी. म्हणजे गाठ पूर्ण निघालीच नव्हती.

मग मुंबई. मोठं हॉस्पिटल, पुन्हा ऑपरेशन, रेडिएशन. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हा प्रकार फुप्फुसात जातोच, पण भलत्या ठिकाणीही फिरतो — मणका, काख, पोटाच्या मागे. मी धीर करून म्हटलं की तिला कमरेत डावीकडे काहीतरी जाणवलं होतं. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. पूर्ण पाठीचा एमआरआय केला. क्लीन.

बाहेर आल्यावर मी वहिनीला हळूच विचारलं, "इथे कुणी हात लावला?"

"हय? हयच्या लोकांक बोलाक येळ नाय, हात खंयचो लायतत!"

नंतरचे काही महिने बरे गेले. वहिनी लंगडत का होईना, चालायला लागली. मासे कापायला आता स्टूल आणि सुरी. आडाळ्यासारखे तुकडे पडत नाहीत म्हणून सुरीला शिव्या. पाहुणे आले, सोलकढी झाली, दादाची बोट फिरली. मला वाटायला लागलं की आपण वाचलो. तो हात खरा असलाच, तर चुकला होता.

पुढचा तपासणीचा स्कॅन कुडाळलाच करा, असं मुंबईहून कळवलं. पुन्हा माझं टेबल, पुन्हा काच. कमरेचा भाग स्क्रीनवर आला आणि माझा हात माउसवर तसाच राहिला. तिसरा मणका, डावी बाजू. हाडाच्या आत वाटाण्याएवढा पांढरा ठिपका. मी जुना स्कॅन काढून शेजारी लावला. तोच मणका, तीच पातळी. जुन्यात काही नाही. नव्यात ठिपका. माझं बोट जिथे टेकलं होतं तिथे.

मी माइक उघडला. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं.

"वहिनी... हात आहे का आज?"

"थय नाय. थयसून गेलो तो."

"मग?"

"उजव्या खांद्याच्या पाठीमागे. पंख फुटूचे असतीत तर खंय फुटतीत, थय."

मी तिथलेही फोटो घेतले. सरांनी पाहिले, क्लीन. मग मणक्याचा ठिपका पाहून ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "तुझी वहिनी आहे ना ही?" मी मान हलवली. ते उठून स्वतः माझ्यासाठी पाणी घेऊन आले.

यानंतरचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. मला आता पुढची जागा माहीत होती. मुंबईच्या डॉक्टरांना मी फोन केला. खांद्यामागेही तिला जाणवतंय, तिथे आधीच काही करता येईल का? ते शांतपणे म्हणाले, "तिथे फोटोत काही नाहीये. जे दिसत नाही त्यावर रेडिएशन कसं देणार? आणि किती ठिकाणी देणार?" त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. हात आहे असं मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी डोस त्याच जागी पडला असता, मणक्यावर. तो पडला. केमो झाली. केस गेले. वहिनी म्हणाली, "बरा झाला, पिना काढूचो त्रास गेलो."

आणि मग पुढच्या स्कॅनमध्ये खांद्यामागे, दोन स्नायूंच्या मध्ये, तो ठिपका आला. पांढरा, पाण्यासारखा.

इथे मी असे अनुभव वाचलेत की कुणीतरी येतं, सावध करतं आणि माणूस वाचतो. आमच्याकडे जे काही येत होतं ते एकदाही चुकलं नाही, आणि त्याचा आम्हाला एकदाही उपयोग झाला नाही. कुणाला घाबरवलं नाही, काही मागितलं नाही. मी सेंटरची चौकशीही करून पाहिली. मशीन नवं आहे, तिथे कधी कुणी दगावलेलं नाही, त्या जागी आधी टाइल्सचं दुकान होतं. सांगण्यासारखी काहीच गोष्ट नाही. दुसऱ्या कुठल्याही पेशंटने कधी असं म्हटलेलं नाही.

शेवटचा स्कॅन या वर्षीचा. पूर्ण पाठीचा आणि छातीचा. कपडे बदलायच्या खोलीत वहिनी स्टुलावर बसली होती. गाऊनच्या नाड्या मी बांधत होते, कारण उजवा हात तिला आता मागे नेता येत नाही.

"बाय, आज माका इचारू नको."

"काय?"

"तुका ठावक आसा काय ता."

मी नाड्यांची गाठ मारत राहिले. ती पाठमोरीच बोलत होती.

"मी सांगतलंय, मगे तू थय बघतलंस. थय काय नसतला. तरी तुझा तोंड असा होतला... आणि मगे घराक गेल्यावर तू भात वाढताना पण माझ्या थयच बघतलंस. मी तुझ्या तोंडाकडे बघीत बसतलंय, कधी येता म्हणान. नको. ह्या खेपेक दोघींकय सुट्टी."

"डॉक्टरांका सांगलंय तर कदाचित..." मी कामावर असूनही मालवणीत बोलत होते, हे मला नंतर कळलं.

"काय करतले? नसलेल्यावर औषध मारतले?" मग वळून तिने माझ्या गालाला हात लावला. "तू गप रवतंस तीच बरी. चल, घाल माका भट्टयेत."

मी तिला आत सरकवलं. दार लावलं. खुर्चीत बसले आणि सुरू केलं.

मधल्या एका भागात कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर काहीतरी हललं म्हणून मी वर पाहिलं. वहिनीचे डोळे मिटलेले होते. फुगा उजव्या मुठीत तसाच होता. तिचा डावा हात टेबलावरून सावकाश उचलला जात होता. तो अंगावर कुठेतरी टेकायला निघाला होता... आपल्या अंगावर कुणी हात ठेवला की आपण वरून आपला ठेवतो, थोपटतो, तसा. तो कुठे टेकणार ते मला आणखी एका क्षणात दिसलं असतं. मी मान फिरवली आणि तो भाग संपून आवाज थांबेपर्यंत भिंतीकडे बघत बसले. पुन्हा पाहिलं तेव्हा दोन्ही हात बाजूला होते.

आता कारण मागाल तर माझ्याकडे नाही. हात उचलला की खांदा हलतो, छाती हलते, आणि हललेले फोटो धूसर येतात. हे मशीनचं साधं तत्त्व आहे, त्याला अपवाद नाही. त्या भागातले सगळे फोटो मी घरी जाण्याआधी पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. एकही धूसर नव्हता. इतके स्वच्छ फोटो त्या मशीनवर क्वचित येतात. सरांनी रिपोर्ट लिहिला — जुन्या जागा थोड्या वाढल्यात, नवीन कुठेही काही नाही. दादाने तो वाचून मला विचारलं, "नवीन काय नाय म्हणजे बरा ना गो?" मी हो म्हटलं.

दादाला यातलं काही माहीत नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी आता औषध बदललंय आणि वेदना कमी राहतील एवढंच बघू, असं सांगितलंय. रविवारी मी घरी जाते. दुपारी जेवणं आटोपली की वहिनी पडवीत आरामखुर्चीत बसते, पाहुण्यांशी गप्पा मारते, कोण कुठून आलंय ते विचारते, सुरमईचा भाव खोटा सांगते. मी समोर पायरीवर बसते. बोलता बोलता तिचा डावा हात मांडीवरून उचलला जातो, तेव्हा मी खाडीकडे तोंड करते. होड्या कुठल्या, पाणी किती चढलंय, असलं काहीतरी बघत राहते. तो हात कुठे जाऊन टेकतो, ते मी बघत नाही.